भुलीपूर्वीचं बोलणं

माझ्या आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळी आठला होतं आणि ते त्या दिवशी झालंच नाही. मुलुंड पूर्वेच्या गव्हाणपाड्यातून आम्ही पहाटेच रिक्षाने रुग्णालयात पोचलो होतो. तिची मुलगी बोरिवलीहून रजा काढून आदल्या रात्रीच मुक्कामाला आली होती. कागदपत्रं झाली, गाऊन चढवला, हाताला सलाईनची सुई लागली. साडेसातला भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या.

"आजी, सकाळपासून काही खाल्लंत?"

"छे, काही नाही."

"पाणी?"

"घोटभर. गोळीपुरतं."

"आणि चहा?"

आत्या जरा थांबली. "चहा घेतला. अर्धाच कप. साडेपाचला."

"दुधाचा?"

"दुधाचाच की."

त्या दिवशीची ऑपरेशनची यादी भरलेली होती, मागे सरकायला जागा नव्हती. दोन दिवसांनंतरची तारीख मिळाली. आतेबहीण रागावली, आईवर आणि डॉक्टरांवरही. अर्ध्या कप चहासाठी एवढं? मलाही तेव्हा तसंच वाटलं. पुढे हा विषय वाचत गेलो, भूलतज्ज्ञांशी बोललो, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे त्या बाईंनी आत्याला मोठ्या धोक्यातून वाचवलं होतं. दुसरी म्हणजे आत्या खोटं बोललेली नव्हती. तिच्या लेखी चहा म्हणजे खाणं नव्हे. 'काही खाल्लंत का' याचं तिचं उत्तर तिच्या घरातल्या भाषेत अगदी खरं होतं.

ऑपरेशनची तयारी म्हटली की आपल्याला रिपोर्ट, पैसे, रक्त, विमा, सुट्टी एवढंच आठवतं. ते सगळं लागतंच. पण भूल सुरक्षित पार पडते ती बरीचशी एका संभाषणावर, आणि त्यात डॉक्टरांचे शब्द आणि आपल्या घरातले शब्द जुळले नाहीत तर फाईल कितीही जाड असली तरी तयारी अपुरीच राहते.

*

आधी त्या चहाकडे वळू. जागेपणी पाण्याचा एक थेंब चुकीच्या वाटेने गेला तरी ठसका लागतो. तो ठसका आपला रखवालदार आहे. पूर्ण भुलीत हा रखवालदार झोपतो. गिळण्याची, खोकण्याची आपोआप होणारी क्रिया थांबते, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची पकडही सैल पडते. पोटात काही असेल तर ते उलट वर घशात येतं आणि तिथून मुकाट्याने श्वासनलिकेत उतरतं.

न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये याचा हिशेब मांडला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ गरोदरपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांत ६६ जणींच्या पोटातलं भुलीच्या वेळी फुप्फुसात गेलेलं आढळलं. दोघी गुदमरून दगावल्या, आणि त्या दोघींच्या बाबतीत अडकलं होतं ते घट्ट अन्न. मग मेंडेल्सननी सशांवर प्रयोग केले आणि दाखवून दिलं की घास श्वासनलिका बुजवतो, तर पोटातलं आम्ल फुप्फुस आतून भाजून काढतं. ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवण्याच्या नियमामागे हे काम उभं आहे.

रिकामं म्हणजे किती वेळ? आज जगभर साधारण हाच हिशेब चालतो : साधं पाणी, कोरा चहा, गाळलेला चोथाविरहित रस भुलीच्या दोन तास आधीपर्यंत, तान्ह्या बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत, वरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं, तुपकट किंवा मांसाहारी जेवण झालं असेल तर आठ तास किंवा जास्त. दूध दिसतं पातळ, पण पोटातल्या आम्लात ते फाटतं, त्याचा गोळा होतो आणि पोट त्याला अन्नासारखंच वागवतं. म्हणून साडेपाचचा दुधाचा चहा साडेअकरापर्यंत पोटात आहे असंच धरायचं.

इथे आपल्या भाषेतली एक अडचण फार महत्त्वाची आहे. डॉक्टर सांगतात 'उपाशी राहा' आणि घरात ऐकू येतं 'उपास करा'. आपल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते, बटाट्याचा कीस चालतो, शेंगदाण्याचा लाडू आणि कपभर दूधही चालतं. एखादी आजी ऑपरेशनच्या पहाटे श्रद्धेने भाताचं शीतही तोंडात घालत नाही आणि वाटीभर खिचडी खाऊन येते. तूप, दाण्याचं कूट आणि साबुदाणा. पोटाला यापेक्षा जड काय असणार! ऑपरेशन नेमकं चतुर्थीला, एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी आलं असेल तर घरातल्या कोणीतरी हा फरक स्पष्ट सांगायला हवा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. अनेक ठिकाणी अजून 'रात्री बारानंतर काही नको' असं सरसकट सांगतात. खाटेला 'एनबीएम'ची पाटी लागते, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. मग आधीचं ऑपरेशन लांबतं, आपला नंबर दुपारी दोनला येतो आणि म्हातारं माणूस चौदा तास घोटभर पाण्यावाचून पडून राहतं. तोंडाला कोरड, डोकं दुखतं, मधुमेह असेल तर साखर खाली जाते. इतकं कोरडं राहणं हिताचं नाही. आदल्या दिवशी सरळ विचारावं, "पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" आणि नंबर पुढे गेला तर सिस्टरना पुन्हा विचारावं. हा प्रश्न विचारायला संकोच वाटता कामा नये.

*

ऑपरेशन रद्द झालं तरी त्या भूलतज्ज्ञ बाई लगेच उठल्या नाहीत. ते मला फार मोलाचं वाटतं. म्हणाल्या, "आज वेळ मिळालाय, तर सगळं परत विचारते." आठवड्यापूर्वी भुलीची पूर्वतपासणी झालेली होती, फाईलमध्ये रकाने भरलेले होते. तंबाखू : नाही. दमा : नाही. पूर्वीची शस्त्रक्रिया : नाही. आता त्यांनी तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारले.

"आजी, दात कशाने घासता?"

"मशेरीने."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. मग दुपारी जेवल्यावर. कधी रात्री."

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. कोकणातून, साताऱ्याकडून मुंबईत आलेल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं ती लावतात आणि 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्या खातच नाहीत. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो. ते रक्तात मशेरीने आलं काय नि विडीने आलं काय.

"जिना चढताना थांबावं लागतं का? स्टेशनचा पूल एका दमात चढता?"

"मधे एकदा टेकते. छाती भरून येते."

हा प्रश्न गप्पांसारखा वाटतो, पण ती हृदयाची परीक्षा आहे. एकदोन मजले न थांबता चढता येत असतील तर हृदय आणि फुप्फुसं ऑपरेशनचा ताण साधारणपणे पेलतात, असा भूलशास्त्राचा जुना आणि आजही वापरात असलेला आडाखा आहे. उपनगरातल्या माणसाला ही परीक्षा रोजच असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला आणि रेल्वेचा पादचारी पूल तिथे खोटं बोलत नाहीत. आत्याचं 'मधे टेकणं' ऐकून बाईंनी इको करायला लावला, आणि हाती आलेले दोन दिवस त्यासाठी कामी आले.

"मुलं झाल्यावर बंद करायचं ऑपरेशन झालं होतं?"

"ते झालं होतं की."

घरातल्या कोणालाही हे आठवलं नव्हतं, कारण आमच्या लेखी ते ऑपरेशन नव्हतंच. पण भूलतज्ज्ञाला त्यात पुढचा प्रश्न दिसतो : तेव्हा भूल कशी सोसली? उलट्या झाल्या का, शुद्धीवर यायला फार वेळ लागला का, कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या का? आपल्या माणसाच्या जुन्या ऑपरेशनची फाईल माळ्यावर असेल तर खाली काढावी. भुलीच्या नोंदीचा एक कागद दहा रिपोर्टांइतका उपयोगी पडतो.

*

मग बाईंनी आत्याला उठून बसायला सांगितलं, तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला सांगितली, टॉर्च मारला. 'आ' म्हणू नका, असंही सांगितलं. रुग्णाला वाटतं घसा बघतायत. भूलतज्ज्ञ बघत असतो की जिभेमागे पडजीभ आणि टाळूची कमान किती दिसते. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि जेवढं आत दिसतं तेवढी ती वाट सोपी जाण्याची शक्यता जास्त. ही खूण १९८५ मध्ये मांडली डॉ. शेषगिरी राव मल्लमपाटी यांनी. ते मूळचे आंध्रचे, बॉस्टनमध्ये भूलतज्ज्ञ होते. आज जगात जिथे जिथे भूल देतात तिथे तिथे 'मल्लमपाटी' हा तेलुगू शब्द रोज उच्चारला जातो.

घरच्या घरीही एक गोष्ट करून बघता येते. स्वतःची तीन बोटं उभी करून उघड्या तोंडात जातात का? जात नसतील तर ते आधीच सांगा. सुपारी, मावा, गुटखा यांनी गालाच्या आतली कातडी तंतुमय आणि ताठ होत जाते आणि तोंड हळूहळू मिटत येतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारीने आकसलेली तोंडं तपासणीला आजही येतात, त्यांत पंचविशी-तिशीतली मुलंही असतात. अशा माणसाला भूल देता येते, जागेपणी दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालता येते. फक्त हे आधी माहीत हवं, म्हणजे ती दुर्बीण आणि तो हात त्या सकाळी तिथे हजर असतो. भूल दिल्यावर तोंड उघडत नाही असं कळणं हा प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या मनातला सर्वांत मोठा धसका आहे.

विडी-सिगारेट कधी सोडावी? चार ते आठ आठवडे आधी सोडली तर फुप्फुसांना खरा उपयोग होतो. तेवढा वेळ नसेल तरी एका दिवसातही रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराच उतरतो. तेव्हा आजच सोडावी. हलणारा दात, कवळी, रात्रीचं जोरदार घोरणं, झोपेत श्वास अडखळणं. ज्यात आजार दिसत नाही अशा या गोष्टीही सांगायच्याच. घोरण्याची माहिती रुग्णाला नसते, ती बायकोला किंवा नवऱ्याला असते. म्हणून तपासणीला एकट्याने जाऊ नये. आणि दारू. मुलांसमोर किंवा सुनेसमोर हा प्रश्न आला की खालमानेने 'नाही' येतं. अशा वेळी नातेवाइकांनी आपणहून बाहेर जावं. रोज पिणाऱ्याला भुलीचं औषध वेगळ्या प्रमाणात लागू शकतं आणि ऑपरेशननंतर दारू अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बरळू लागतो, हातपाय कापू लागतात. डॉक्टरांना ठाऊक असेल तर ते आधीच औषध सुरू करतात.

*

गोळ्यांचा गोंधळ सगळ्यांत मोठा. 'काही औषध चालू आहे का' या प्रश्नाला 'नाही, फक्त बीपीची गोळी' हे उत्तर सर्रास येतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून ती पिशवीच टेबलावर ओतावी, हे उत्तम. त्यात वैद्यांची चूर्णं, काढे, ओळखीच्या कोणी दिलेली सांधेदुखीची पुडी, वजन कमी करायची इंजेक्शनं, सगळं असू द्या.

कारण प्रत्येक गोळीचा नियम वेगळा आहे. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी अचानक बंद करणं धोक्याचं. ती ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायला लावतात. थायरॉइडची गोळी, दम्याचा पंप चालू ठेवायचा. टेल्मिसार्टनच्या जातीची रक्तदाबाची गोळी मात्र अनेक भूलतज्ज्ञ त्या सकाळी थांबवतात, कारण भुलीत दाब फार खाली जाऊ शकतो. मधुमेहात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता घरोघरी आहेत. त्या तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर उपाशीपणात रक्तात आम्ल साठतं. त्यातही फसवं असं की साखर जवळपास नॉर्मल दिसते आणि कोणाला संशय येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल तर स्वतःच्या मनाने काहीच करू नये, बंदही नाही आणि चालूही नाही. हृदयात स्टेंट असेल तर हृदयतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ते ठरवायचं असतं. माझं मत असं की या सूचना तोंडी घेऊच नयेत. केसपेपरच्या मागे गोळीचं नाव आणि शेवटची घ्यायची तारीख लिहून मागावी. कूपर, राजावाडी, भगवती यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांतल्या गर्दीतही दोन ओळी लिहून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.

एक प्रश्न असा आहे ज्याचं उत्तर फाईलमध्ये नसतं : घराण्यात कोणाला भुलीचा विचित्र त्रास झाला होता का? भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी सक्सामिथोनियम नावाचं औषध वापरतात. रक्तातलं एक विकर काही मिनिटांत त्याचा निकाल लावतं. काही घराण्यांत ते विकर जन्मतःच अपुरं असतं. मग चारपाच मिनिटांचं औषध काही तास टिकतं आणि तेवढा वेळ रुग्णाला यंत्राने श्वास द्यावा लागतो. दक्षिणेतल्या वैश्य समाजात हा दोष ठळकपणे आढळतो आणि भारतीय भूलतज्ज्ञांना तो चांगला परिचित आहे. त्याच समाजाची कोमटी म्हणून ओळखली जाणारी घरं मराठवाड्यात आणि विदर्भातही आहेत. 'आमच्या काकांना ऑपरेशननंतर फार वेळ मशीनवर ठेवलं होतं' एवढं एक वाक्य भूलतज्ज्ञाला पुरतं. तो दुसरं औषध निवडतो.

*

भुलीची भीती सगळ्यांना वाटते आणि ती बोलून दाखवायला लाजू नये. पाठीतून दिल्या जाणाऱ्या भुलीच्या इंजेक्शनबद्दल तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य फिरतं आहे : 'सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली.' कंबरदुखी खरी असते, पण तिचं कारण ती सुई असल्याचं अभ्यासांत दिसत नाही. गरोदरपण, बाळाला वाकून पाजणं, उचलणं, दुबळे झालेले स्नायू यांनी कंबर धरते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली देतात. डोकेदुखी मात्र होऊ शकते. जर्मनीतल्या कील शहरात १८९८ मध्ये ऑगस्ट बीर यांनी ही पद्धत पहिल्यांदा वापरली आणि सहकाऱ्याकडून स्वतःवरही करून घेतली. पाठीतलं पाणी गळालं आणि पुढे कितीतरी दिवस उठून बसलं की त्यांचं डोकं दुखे. आता सुया फार बारीक आहेत, त्यामुळे हे कमी झालं आहे. झालंच तर लपवू नये, त्यावर उपाय आहेत.

दुसरी भीती मध्येच जाग येण्याची. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशी तक्रार पूर्ण भुलीच्या सुमारे १९,००० वेळांत एकदा आढळली. आणि भूल देणारा डॉक्टर सुई देऊन निघून जात नाही. ऑपरेशन संपेपर्यंत तो डोक्याशी असतो. श्वास, नाडी, दाब, प्राणवायू यांवर त्याचीच नजर असते. या कामात आपल्याकडच्या बायका फार लवकर उतरल्या. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी १८८९ च्या सुमारास क्लोरोफॉर्म देत होत्या, जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता.

*

सही कशावर करायची, हे या तयारीतलं सर्वांत घाईत उरकलं जाणारं काम. चार कागद पुढे येतात, बोट दाखवलं जातं, मुलगा सही करतो.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र या संदर्भात मला नेहमी आठवते. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना तीव्र अपेंडिसायटिस झालं आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. सर्जन होते कर्नल मॅडॉक. ब्रिटिश सरकारचा कैदी, ब्रिटिश सर्जन. काही बरंवाईट झालं असतं तर देशात काय झालं असतं, हे दोघांनाही कळत होतं. मुंबईहून आपल्या ओळखीचे डॉक्टर बोलवावेत अशी गांधीजींची इच्छा होती, पण तेवढा वेळ नव्हता. मग त्यांच्या विनंतीवरून भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावलं गेलं. संमतीचा मजकूर तयार झाला; डॉक्टरांवर आपला विश्वास आहे आणि आपण राजीखुशीने ऑपरेशनला तयार आहोत, असा. गांधीजींनी तो ऐकला आणि गुडघे उभे करून त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने सही केली. वेदनेने हात थरथरत होता. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकला गेला. फेब्रुवारीत सुटका झाल्यावर ते हवापालटासाठी आले ते जुहूला, आजच्या अंधेरी-पार्ल्याच्या किनाऱ्यावर. मार्च ते मे त्यांचा मुक्काम तिथेच होता.

इतक्या वेदनेत, इतक्या रात्री त्या माणसाने कागद आधी ऐकला आणि मग सही केली. आपल्याला तर बहुधा दिवसाउजेडी वेळ असतो. भुलीचा फॉर्म वेगळा असतो, तो मागावा. त्यात कुठली भूल लिहिली आहे, दुसरी का नको, गरज पडली तर आयसीयूत ठेवणार का, हे विचारावं. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची सही त्याची स्वतःचीच हवी. आत्याचा फॉर्म पहिल्या खेपेला तिच्या मुलीने भरला होता. दुसऱ्या खेपेला भूलतज्ज्ञ बाईंनी तो आत्यालाच वाचून दाखवला, आणि आत्याने चष्मा मागून घेऊन सही केली.

*

ठरल्या दिवशीची सकाळ लहानसहान गोष्टींची असते. नेलपॉलिश पुसलेली असावी, कारण बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं यंत्र नखातून आरपार प्रकाश टाकतं. करोनात आपण घरोघरी घेतलेलं ते हेच यंत्र. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागचं तत्त्व मांडलं. लिपस्टिक नको, ओठांचा रंग डॉक्टरांना दिसायला हवा. कवळी डबीत, कॉन्टॅक्ट लेन्स घरी.

दागिन्यांचं मात्र हळुवारपणे करावं. रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात. अंगावरच्या धातूपाशी भाजू शकतं. हाताला सूज आली तर अंगठी रुतते. आत्याने जोडवी आणि बांगड्या काढल्या, पण मंगळसूत्राशी हात अडला. सिस्टरने घाई केली नाही. तिच्या मुलीलाच काढायला सांगितलं आणि मुलीने ते सगळ्यांसमोर स्वतःच्या गळ्यात घातलं. मग आत्या निवांत झाली.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तिला पुन्हा नाव विचारलं, कशाचं ऑपरेशन, कुठल्या बाजूला, कशाची ॲलर्जी. 'किती वेळा तेच विचारता' असं रुग्णाला वाटतं. हे मुद्दाम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासयादी २००८ मध्ये निघाली. ती तयार करणाऱ्यांचं नेतृत्व केलं डॉ. अतुल गवांदे यांनी. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेले सर्जन. जगातल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचं एक, ही यादी वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. या यादीतला पहिला टप्पा भुलीच्या आधी, रुग्ण जागा असतानाच उरकायचा असतो. तेव्हा नाव शंभरदा विचारलं तरी शंभरदा सांगावं.

घरचीही तयारी लागते. त्याच दिवशी सोडणार असतील तर न्यायला मोठं माणूस हवं. भुलीनंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, गॅससमोर एकटं उभं राहायचं नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. लोकलच्या गर्दीतून तर मुळीच जायचं नाही. लिफ्ट नसेल तर खुर्चीत बसवून वर न्यायला दोन शेजारी आधीच सांगून ठेवावेत. विम्याची किंवा महात्मा फुले योजनेची मंजुरी आदल्या दिवशीपर्यंत हातात असावी. ऑपरेशन लहान मुलाचं असेल आणि त्याला सर्दी-ताप आला तर फोन करून कळवावं. तारीख पुढे गेलेली परवडते.

आत्याचं ऑपरेशन दुसऱ्या तारखेला वेळेवर झालं. इको बरा आला होता, मशेरी दोन दिवस बंद होती, सकाळची गोळी पाण्याच्या एका घोटाबरोबर. तासाभराने तिला रिकव्हरीत आणलं. भूलतज्ज्ञ बाई वाकून हाक मारत होत्या, "आजी, डोळे उघडा, मोठा श्वास घ्या." तिने डोळे उघडले, मुलीच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, पुन्हा मिटले.

संध्याकाळी सहाला सिस्टरने तोंडाने घ्यायला परवानगी दिली. बहिणीने थर्मास उघडला. आत्याने कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. दाराकडे बघून सिस्टरला विचारलं, "दुधाचा आहे हो. चालेल ना?"